मेटॅलोपॉरफिरिन उत्प्रेरक: बनवण्यापासून निवडकता तपासण्यापर्यंत

सायक्लोहेक्झीनवर ऑक्सिजनचा एकच अणू चढवायचा आहे असं धरा. तो दुहेरी बंधावर बसला की एपॉक्साइड, शेजारच्या कार्बन-हायड्रोजन बंधात शिरला की अल्कोहोल, आणि तिथून आणखी ऑक्सिडेशन झालं की किटोन. फ्लास्क तोच, सॉल्व्हंट तोच. यातलं हाती काय लागणार हे ज्या मिलिग्रॅमभर रंगीत पुडीवर ठरतं ती म्हणजे मेटॅलोपॉरफिरिन: चार पायरोल कड्यांची सपाट चौकट आणि मधोमध चार नायट्रोजननी धरून ठेवलेला धातू.

कल्पना मुळात निसर्गाची. आपल्या यकृतातली सायटोक्रोम पी-४५० ही एन्झाइमं हेच काम करतात. हीममधलं लोह एका बाजूने सिस्टीनच्या गंधकाने धरलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूने ऑक्सिजन उचलतं. १९७९ साली जॉन ग्रोव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी प्रथिनाचा सगळा पसारा बाजूला ठेवला, साध्या टेट्राफिनाइलपॉरफिरिनच्या लोहसंयुगाला ऑक्सिजन पुरवणारं आयोडोसिलबेंझीन दिलं आणि अल्कीनचं (दुहेरी बंधाच्या रेणूचं) एपॉक्साइड व सायक्लोहेक्झेनचं सायक्लोहेक्झेनॉल करून दाखवलं. आजही आपण बेंचवर जे करतो ते बहुतेक त्याच प्रयोगाच्या वंशातलं.

हा लेख एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी आहे. माझी एक तक्रार आधीच सांगून टाकतो. धातू कोणता घ्यायचा यावर लोक आठवडे घालवतात, आणि उत्प्रेरक प्रयोगाच्या शेवटी शिल्लक होता का, हे बघायला पाच मिनिटं देत नाहीत.

आधी प्रश्न, मग धातू

निवडकता या एका शब्दात तीन-चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. दुहेरी बंध की शेजारचा सीएच (कार्बन-हायड्रोजन) बंध? अनेक सीएच बंध असतील तर त्यातला कोणता? सिस अल्कीनपासून (दोन्ही गट एकाच बाजूला; विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स) सिसच एपॉक्साइड मिळतं का? आणि शेवटी, दोन प्रतिबिंब-रूपांपैकी एकच हवं आहे का? वहीच्या पहिल्या पानावर यातला एक प्रश्न लिहा, कारण प्रत्येकाची तयारी वेगळी आहे.

एपॉक्सिडेशनसाठी मी नवख्या माणसाला मँगनीज देतो. बनवायला सोपं, हवेत टिकतं, आणि सोडियम हायपोक्लोराइटपासून हायड्रोजन पेरॉक्साइडपर्यंत बरेच ऑक्सिडंट (ऑक्सिजन देणारे पदार्थ) चालवून घेतं. यंत्रणा समजून घ्यायची असेल किंवा सीएच बंधावर हायड्रॉक्सिलेशन करायचं असेल तर लोह. कार्बीन किंवा नायट्रीन (दोन बंध कमी असलेला, क्षणभर टिकणारा कार्बन किंवा नायट्रोजनचा तुकडा) हलवायचं, म्हणजे सायक्लोप्रोपेन किंवा अमाइन बनवायचं, तर कोबाल्ट. रुथेनियम २,६-डायक्लोरोपिरिडीन एन-ऑक्साइडबरोबर सुरेख चालतं, पण महाग आहे आणि धातू बसवायला कार्बोनिल संयुग लागतं. पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

चौकट कशी असावी

टेट्राफिनाइलपॉरफिरिन, म्हणजे टीपीपी, शिकायला उत्तम आणि कामाला कच्चा. त्याच्या मेसो कार्बनवर (पायरोल कड्यांना जोडणाऱ्या कार्बनवर) ऑक्सिडंट हल्ला करतो आणि चौकट उघडते. शिवाय लोह असेल तर दोन रेणू समोरासमोर येऊन मध्ये ऑक्सिजनचा पूल बांधतात. हा म्यू-ऑक्सो डायमर तयार झाला की उत्प्रेरक जवळपास निकामी.

उपाय फिनाइलच्या ऑर्थो जागांवर, म्हणजे चौकटीला जोडलेल्या कार्बनच्या लगतच्या जागांवर आहे. तिथे मिथाइल बसवले (मेसिटिल) किंवा क्लोरीन बसवले (२,६-डायक्लोरोफिनाइल) की फिनाइल कडं चौकटीला काटकोनात उभं राहतं, मेसो कार्बन झाकला जातो आणि दोन रेणूंना जवळ येता येत नाही. पेंटाफ्लुओरोफिनाइल हा तिसरा पर्याय. त्यात आडोसा कमी, पण फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेत असल्यामुळे चौकटीचंच ऑक्सिडेशन अवघड होतं. हाच आडोसा निवडकतेलाही हातभार लावतो. अल्कीन धातू-ऑक्सोकडे, म्हणजे ऑक्सिजन धरलेल्या धातूकडे, बाजूने सरकत येतं, आणि वाटेत ऑर्थो गट उभे असतील तर आटोपशीर सिस अल्कीन पुढे जातं, पसरट ट्रान्स अल्कीन अडतं. साध्या लोह-टीपीपीलाही सिस-स्टिल्बीन ट्रान्सपेक्षा कितीतरी लवकर पचतं.

टीपीपी घरचाच बनवा

विकत मिळतो, तरी एकदा स्वतः बनवावा. ॲडलर-लाँगो पद्धत १९६७ची आहे आणि अजून तिला तोड नाही. ३०० मिलिलीटर प्रोपिऑनिक आम्ल हूडमध्ये रिफ्लक्सवर ठेवा (१४१ अंश), त्यात ८.० मिलिलीटर बेंझाल्डिहाइड आणि ५.६ मिलिलीटर ताजं डिस्टिल केलेलं पायरोल घाला. दोन्ही साधारण ८० मिलिमोल. अर्धा तास उकळू द्या, झाकण उघडं, हवा आत येऊ दे. शेवटचं ऑक्सिडेशन हवाच करते. मिश्रण काळं डांबरासारखं होईल. घाबरू नका. गार झाल्यावर गाळलं की फिल्टर पेपरवर चकचकीत जांभळे स्फटिक राहतात. ते मिथेनॉलने धुवा, खाली येणारं मिथेनॉल रंगहीन होईपर्यंत. मग गरम पाण्याने, म्हणजे आम्लाचा वास जातो. उतारा २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अडीच ग्रॅम. पायरोल जुनं आणि तपकिरी असेल तर यातला निम्माही मिळत नाही.

मेसिटिलसारख्या अवजड अल्डिहाइडला ही पद्धत फारशी मानवत नाही. तिथे लिंडसेची १९८७ची सौम्य पद्धत: क्लोरोफॉर्ममध्ये दोन्ही घटक प्रत्येकी १० मिलिमोलर, नायट्रोजनखाली, उत्प्रेरक म्हणून बोरॉन ट्रायफ्लोराइड इथरेट. ५०० मिलिलीटरला ०.३५ मिलिलीटर पायरोल आणि ०.७४ मिलिलीटर मेसिटाल्डिहाइड, म्हणजे ५-५ मिलिमोल. तासाभराने डीडीक्यू किंवा क्लोरॅनिल (दोन्ही क्विनोन जातीचे ऑक्सिडंट) घाला. पॉरफिरिनोजेनच्या, म्हणजे ऑक्सिडेशनआधीच्या चौकटीच्या, एका रेणूतून सहा इलेक्ट्रॉन काढायचे असतात आणि डीडीक्यू दोनच काढतो, म्हणून पायरोलच्या पाऊणपट मोल. इथे एक गंमत आहे. क्लोरोफॉर्ममध्ये स्थिरतेसाठी घातलेलं पाऊण टक्का इथेनॉल या अभिक्रियेला हवंच असतं. अतिशुद्ध क्लोरोफॉर्म आणून काम बिघडवणारे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता तपासणी. ६.१ मिलिग्रॅम टीपीपी १०० मिलिलीटर डायक्लोरोमीथेनमध्ये विरघळवला की १०० मायक्रोमोलर होतं. ते पन्नासपट पातळ करून यूव्हीत ठेवा. ४१७-४१८ नॅनोमीटरला सोरे पट्टा (पॉरफिरिनचा सगळ्यात उंच शोषणपट्टा), ॲब्सॉर्बन्स एकच्या जरा खाली. पुढे ५१५, ५५०, ५९० आणि ६४७ला चार बुटके क्यू पट्टे, उंची उतरती. ६५०-६५२ला उंची अनपेक्षित वाढलेली दिसली तर तो क्लोरिन आहे, अर्धवट ऑक्सिडेशन झालेला भाऊबंद. ॲडलरच्या मालात तो काही टक्के असतोच. थोडा डीडीक्यू घालून उकळवा आणि ॲल्युमिनातून गाळा. एनएमआरमध्ये आतल्या दोन एनएच प्रोटॉनचं शिखर उणे २.७-२.८ पीपीएमला, टीएमएसच्या (शून्य ठरवणाऱ्या संदर्भ संयुगाच्या) उजवीकडे येतं. पहिल्यांदा ते शोधताना विद्यार्थी स्पेक्ट्रमची खिडकी शून्यावरच बंद करतात आणि शिखर हरवलं म्हणून येतात.

धातू बसवणं

मँगनीजसाठी ६१४ मिलिग्रॅम टीपीपी (१ मिलिमोल) १०० मिलिलीटर डीएमएफमध्ये (डायमिथाइलफॉर्मामाइड सॉल्व्हंटमध्ये) घ्या, मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट दहापट मोल, म्हणजे सुमारे २ ग्रॅम, आणि हवेतच रिफ्लक्स. दोन-तीन तासांत जांभळा रंग गडद हिरव्याकडे झुकतो.

संपलं का, हे ओळखायला यूव्ही टॉर्च पुरते. टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर ठिपका लावा, ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात धरा. मोकळा टीपीपी लालभडक चमकतो. मँगनीज, लोह किंवा कोबाल्ट आत बसलं की चमक विझते. प्लेटवर लाल कडा जरी दिसली तरी अजून अर्धा तास. जस्ताला मात्र ही युक्ती लागू नाही, तो चमकतच राहतो.

पूर्ण झालं की थंड मिठाच्या पाण्यात ओता, गाळा, भरपूर पाण्याने धुवा, डायक्लोरोमीथेनमध्ये घेऊन कॉलम करा. मँगनीज-टीपीपी क्लोराइडचा मुख्य पट्टा ४७८ नॅनोमीटरला येतो आणि ४१७चा पत्ता नसावा. लोहाच्या बाबतीत एक खाच आहे: बेसिक ॲल्युमिनावरून नेलंत की क्लोराइड जाऊन म्यू-ऑक्सो डायमर हातात येतो, आणि पट्टा ४०८ला सरकतो. द्रावण पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलवलं की तो पुन्हा क्लोराइड होतो. वाया काही जात नाही, पण हे माहीत नसेल तर आठवडा जातो.

पेंटाफ्लुओरोफिनाइल चौकट असेल तर उकळतं डीएमएफ वापरू नका. डीएमएफ तापल्यावर थोडं डायमिथाइलअमाइन सुटतं आणि ते पॅरा जागेवरच्या फ्लोरीनला हाकलून स्वतः बसतं. मास स्पेक्ट्रममध्ये २५-२५ने चढत जाणारी शिखरं दिसली तर तोच प्रकार. तिथे मँगनीज ॲसिटेट आणि ॲसेटिक आम्ल घ्या.

ऑक्सिडंट निवडताना

आयोडोसिलबेंझीन सगळ्यात स्वच्छ. ऑक्सिजनचा एक अणू देतो आणि आयोडोबेंझीन होऊन बाजूला होतो. डायॲसिटॉक्सिआयोडोबेंझीनवर सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण टाकून घोटलं की पिवळसर पूड मिळते. ती गरम करून वाळवायची नाही. तापवली तर स्फोट होतो. साठवणीत तिचा हळूहळू आयोडिलबेंझीन होतो, तोही स्फोटक. थोडीच बनवा, फ्रीजमध्ये ठेवा, आणि प्रत्येक वेळी आयोडोमेट्रीने सक्रिय ऑक्सिजन मोजा. ही कटकट नको असेल तर डायॲसिटॉक्सिआयोडोबेंझीनच थोड्या पाण्याबरोबर वापरा. ते विरघळतं, आणि खरा ऑक्सिडंट जागेवरच हळूहळू तयार होतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड सगळ्यांना आवडतो, कारण मागे पाणीच उरतं. पण मेटॅलोपॉरफिरिन कॅटॅलेज एन्झाइमसारखंही वागतं: पेरॉक्साइड तोडून पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. बुडबुडे दिसले म्हणजे तुमचा ऑक्सिडंट हवेत चालला आहे. शिवाय ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मधोमध समान तुटला तर हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतं, आणि ते निवडकता ओळखत नाही. मँगनीजबरोबर इमिडाझोल घालण्याची युक्ती मान्सुई यांच्या गटाची, १९८०च्या दशकातली. उत्प्रेरकाच्या दहा ते पंचवीसपट इमिडाझोल धातूला खालून धरतं, तेच काम जे एन्झाइममध्ये गंधक करतो, आणि बंध हवा तसा तुटतो. पेरॉक्साइड सिरिंज पंपाने तासाभरात थेंबथेंब सोडा. एकदम ओतला तर सगळं मुसळ केरात.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, स्वस्त. फेज ट्रान्सफर उत्प्रेरक लागतो, पीएच १०च्या आसपास आणावा लागतो, आणि क्लोरीनयुक्त उपपदार्थांवर लक्ष ठेवावं लागतं.

पहिला प्रयोग: सायक्लोऑक्टीन

सायक्लोऑक्टीन घ्या, कारण त्याचं एपॉक्साइड दणकट आहे आणि शेजारच्या सीएच बंधावर सहसा गडबड होत नाही. यंत्रणा चालते की नाही एवढंच इथे बघायचं.

७.० मिलिग्रॅम मँगनीज-टीपीपी क्लोराइड १० मिलिलीटर डायक्लोरोमीथेनमध्ये विरघळवा. रेणुभार ७०३, म्हणजे स्टॉक १ मिलिमोलर. झाकणाच्या वायलमध्ये १ मिलिलीटर स्टॉक (१ मायक्रोमोल), ०.१३ मिलिलीटर सायक्लोऑक्टीन (१ मिलिमोल), अंतर्गत मानक म्हणून मोजून डोडेकेन, आणि एकूण २ मिलिलीटर होईल इतकं सॉल्व्हंट. आर्गॉन फिरवा. ऑक्सिडंट घालण्याआधीच जीसीसाठी (गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी) शून्य मिनिटांचा नमुना काढा. हा नमुना विसरणारे नंतर आकडे कुठून आणायचे म्हणून डोकं धरून बसतात. आता २२ मिलिग्रॅम आयोडोसिलबेंझीन (१०० मायक्रोमोल) एकदम घालून ढवळा. ती विरघळत नाही, तळाशी पिवळी राहते. पूड दिसेनाशी झाली की अभिक्रिया संपत आली.

उत्प्रेरक, ऑक्सिडंट आणि अल्कीन यांचं प्रमाण इथे १:१००:१०००. अल्कीन मुद्दाम जास्त आहे, म्हणजे धातू-ऑक्सोला चौकट खाण्याआधी अल्कीन सापडतं. म्हणून उतारा ऑक्सिडंटवर मोजायचा. ८० मायक्रोमोल एपॉक्साइड म्हणजे ८० टक्के उतारा आणि ८० टर्नओव्हर (उत्प्रेरकाच्या एका रेणूने केलेल्या फेऱ्या), पण अल्कीन जेमतेम ८ टक्के वापरलं गेलं. लेख वाचताना टक्के कशावर काढलेत हे आधी शोधा. बरेच चमकदार आकडे या एका ओळीत विरघळतात.

सोबत तीन कोरे प्रयोग लावा: उत्प्रेरकाशिवाय, ऑक्सिडंटशिवाय, आणि पॉरफिरिनऐवजी नुसतं मँगनीज क्लोराइड घालून. हे न लावता कुठलाही निष्कर्ष काढू नका.

खरी परीक्षा: सायक्लोहेक्झीन आणि सिस-स्टिल्बीन

सायक्लोहेक्झीन चुगलखोर आहे. एपॉक्साइड जास्त आणि अलाइलिक (दुहेरी बंधाशेजारचं) अल्कोहोल-किटोन कमी असेल तर धातू-ऑक्सो काम करतोय. उलट असेल, आणि हवेत केल्यावर किटोन आणखी वाढत असेल, तर फ्लास्कमध्ये मोकळ्या रॅडिकलची साखळी चालू आहे आणि तुमचं पॉरफिरिन फक्त काडी लावून बाजूला झालंय. तोच प्रयोग एकदा आर्गॉनखाली आणि एकदा हवेत करा. फरक मोठा असेल तर निवडकतेच्या गोष्टी बंद.

मला हे एका जुन्या बाटलीने शिकवलं. दोन आठवडे प्रत्येक प्रयोगात सायक्लोहेक्झीनोन, म्हणजे सायक्लोहेक्झीनचं किटोन, मुख्य पदार्थ येत होता. मी धातू बदलला, सॉल्व्हंट बदलला, शेवटी वैतागून उत्प्रेरकाशिवाय ढवळलं तरी तेच. बाटलीत पेरॉक्साइड साठलं होतं. त्या दिवसापासून कुठलंही अल्कीन वापरण्याआधी पेरॉक्साइडच्या पट्टीने तपासतो आणि बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळून त्याच दिवशी वापरतो.

सिस-स्टिल्बीन दुसरा प्रश्न विचारतो. सिस एपॉक्साइडसोबत ट्रान्स एपॉक्साइडही आलं तर ऑक्सिजन दोन टप्प्यांत बसतोय आणि मधल्या रॅडिकलला वळायला वेळ मिळतोय. मँगनीजमध्ये हे चौथ्या ऑक्सिडेशन अवस्थेतल्या ऑक्सोमुळे होऊ शकतं. थोडं इमिडाझोल किंवा पिरिडीन घालून पुन्हा पाहा, सहसा सुधारतं.

स्टायरीन घेत असाल तर जीसीवर एकट्यावर विसंबू नका. गरम इंजेक्टरमध्ये स्टायरीन ऑक्साइडचं फिनाइलॲसिटाल्डिहाइड होऊ शकतं, आणि दोष मात्र उत्प्रेरकावर येतो. एनएमआर काढा: एपॉक्साइडचे तीन प्रोटॉन २.८, ३.१ आणि ३.९ पीपीएमजवळ स्वच्छ दिसतात, अल्डिहाइड साडेनऊच्या पलीकडे.

कोबाल्टची वाट, थोडक्यात

कोबाल्ट-टीपीपी, स्टायरीन आणि इथाइल डायझोॲसिटेट एकत्र आले की नायट्रोजन निघून जातो आणि सायक्लोप्रोपेन मिळतं. बहुतेक धातूंबरोबर डायझो सिरिंज पंपाने सोडावं लागतं, नाहीतर कार्बीन स्वतःशीच जुळून मॅलिएट-फ्युमरेट होतं. कोबाल्टची खासियत अशी की धातूवरचं कार्बीन रॅडिकलसारखं वागतं, आणि ही जुळणी फारशी होत नाही. पीटर झँग यांच्या गटाने याच धातूभोवती कायरल अमाइडची भिंत उभारून एकाच प्रतिबिंब-रूपाचं सायक्लोप्रोपेन मिळवलं. अमाइडचा हायड्रोजन कार्बीनला बंध देऊन एका जागी धरतो. दोन इशारे: इथाइल डायझोॲसिटेट विषारी आणि स्फोटक आहे, आणि नायट्रोजन सुटतो म्हणून भांडं कधीही घट्ट बंद करायचं नाही.

रंग उडाला तर

प्रयोग संपल्यावर मिश्रणातलं ०.१ मिलिलीटर काढा, १० मिलिलीटर डायक्लोरोमीथेनमध्ये मिसळा. वरच्या सायक्लोऑक्टीन प्रयोगात मूळ उत्प्रेरक ०.५ मिलिमोलर होता, म्हणजे आता ५ मायक्रोमोलर असायला हवा, आणि ४७८ला ॲब्सॉर्बन्स साधारण ०.५. हाच नमुना सुरुवातीलाही काढून ठेवलेला असू दे. शेवटी ०.४५ आलं तर उत्प्रेरक जिवंत आहे, आणखी ऑक्सिडंट घातला तर पुढे चालेल. ०.१ आलं तर चार पंचमांश मेला, आणि तुमच्या उताऱ्यातला शेवटचा भाग कुणी केला हा प्रश्न उभा राहतो. पट्टा सरकला आहे पण उंची टिकली आहे, असं दिसलं तर चौकट शाबूत आहे आणि फक्त धातूची अवस्था किंवा अक्षावरचा गट बदलला आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा मोजा.

मेला असेल तर क्रमाने पाहा. ऑक्सिडंट एकदम घातला का? अल्कीन कमी होतं का? आणि दोन्ही ठीक असूनही रंग उडत असेल तर टीपीपी सोडून २,६-डायक्लोरोफिनाइलकडे जा. तोच प्रयोग, तीच मापं, फक्त स्टॉक वेगळा. दोन्हींचे यूव्ही आलेख एकमेकांवर ठेवून वहीत चिकटवा आणि खाली तारखेसोबत ऑक्सिडंटचा त्या दिवशी मोजलेला सक्रिय ऑक्सिजन लिहा.